पाऊण तास खाली, आठ मिनिटं वर

आमचे समोरचे गजभिये काका भर मे महिन्यात, बाहेर डांबर वितळत असताना, बनियनवर बसून मोबाइलवर नॉर्वेचा समुद्र पाहतात. समुद्रात काहीही होत नसतं. राखाडी पाणी, एक बोट आणि बोटीवर कानटोप्या घातलेली चार माणसं. देवमासा खाली गेलेला असतो आणि पाऊण तास तरी वर येणार नसतो. काका तो पाऊण तास पूर्ण पाहतात.

मी एकदा म्हटलं, "काका, पुढे ढकला ना व्हिडिओ."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्या देवमाशाला दगडच मारला. "काहून? ते लोक थंडीत कुडकुडून राहिले, अन् मी कूलरसमोर बसून ढकलू?"

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे उत्तर न सुचणं मला सोसत नाही. म्हटलं, "एवढी मासे पाहायची हौस असेल तर मासळीबाजारात जा. नागपुरात बसून समुद्र कसला बघता?"

"मासा नाही मॅडम तो. आपल्यासारखाच श्वास घेते. एकदा दम भरला का अर्धा मैल, एक मैल खाली जाते. तिथं अंधार. दिल एकदम हळू चालते त्याचं. बाकीच्या अंगाचं रक्त कमी करते, डोक्याले अन् दिलाले पुरवते. पाऊण तास. मग वर येते, आठ-दहा मिनिटं दम खाते, अन् शेपूट वर करून पुन्हा खाली."

"आणि तुम्ही?"

"मी थांबतो."

या थांबण्याला इतिहास आहे. काका कन्हानकडच्या एका कोळसा खाणीत लॅम्पघर सांभाळायचे. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला दिवा द्यायचा आणि तो वर आला की परत घेऊन खुंटीला लावायचा. खुंटी रिकामी म्हणजे माणूस अजून खाली. अशी एक जरी खुंटी रिकामी असली तरी काका पाळी संपूनही घरी जायचे नाहीत. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण सवय काही गेली नाही. मी जरीपटक्याच्या बाजारातून पिशव्या सांभाळत जिना चढते, तर हे दारात उभे. "दोन तास खाली होत्या तुम्ही." कोथिंबिरीसाठी घासाघीस करून दमलेल्या बाईला असा जाब विचारतात का कुठे? मी फणकाऱ्याने माझं दार उघडते आणि मागून समाधानाचा आवाज येतो, "लॅम्प जमा."

बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना हसतात. मीही हसायचे, आणि जरा जास्तच हसायचे.

आता त्यांच्या बायकोबद्दल, शेवंताकाकूंबद्दल सांगते. काका जेवढे हळू बोलतात, तेवढ्याच काकू खणखणीत. चौथ्या मजल्यावरून खाली भाजीवाल्याशी भाव करायच्या आणि जिंकायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. आता त्या खिडकीपाशी बसून असतात. हाक मारली तरी वळत नाहीत.

एकदा दुपारी मी त्यांच्याकडे गोळाभात घेऊन गेले. काकूंनी मान वळवली, सरळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मॅडम, गुडघा कसा आहे वं तुमचा?"

मी हुरळलेच. वाटी खाली ठेवली नि सुरू झाले. "काकू, ओळखलंत? मी कोण, सांगा बरं? नाव काय माझं? आज वार कोणता?" काकूंचे डोळे भिरभिरले. ओठ हलले. मग त्या खिडकीकडे वळल्या आणि गेल्या त्या गेल्याच.

काका माझ्यावर चिडलेले मी तेवढे एकदाच पाहिले. आवाज मात्र चढला नाही त्यांचा. "सहा दिवसांनी वर आली होती मॅडम. ती श्वास घ्याले येते, परीक्षा द्याले नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

थोड्या वेळाने त्यांनीच चहा दिला आणि समजावलं. देवमासा वर आला की शहाणे बोटवाले इंजिन बंद करतात, दूर थांबतात. अंगावर धावून गेलं की तो दम पुरता न भरताच खाली जातो. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. डॉक्टरांनी यांना सांगितलं होतं, गोळ्या द्या आणि वाट पाहा. वाट पाहायची कशी, ते कुणी सांगितलं नव्हतं. ते हा माणूस नॉर्वेच्या बोटवाल्यांकडून शिकत होता. काकू वर आल्या की ते काही विचारत नाहीत. नुसते जवळ बसतात. त्या चाळीस वर्षांपूर्वीच्या शेजारणीबद्दल बोलोत की वरणातल्या मिठाबद्दल, हे "हो वं, हो" म्हणतात. कधी आठ मिनिटं मिळतात, कधी चार. त्यावर त्यांचा आठवडा निघतो.

त्यांची मुलगी प्रज्ञा हैदराबादला असते. मागच्या तिन्ही वेळा काकूंनी तिला "सिस्टर" म्हणून हाक मारली होती. तिसऱ्या वेळी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन रडली. म्हणाली, "आता येऊन काय करू मी, मावशी?" परवाच्या रविवारी ती पुन्हा आली, एका दिवसापुरती, आणि काकांनी ठरवलं की या खेपेला आई तिला भेटलीच पाहिजे.

त्यांचा हिशेब असा, की काकू वर येतात त्या बहुतेक करून आंघोळीनंतर, अकरा ते एकच्या मध्ये, आणि आजूबाजूला शांत असलं तरच. म्हणून आदल्या दिवशी काका घरोघर फिरले. अकरा ते एक कुकर नाही, मिक्सर नाही, टीव्ही नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या सिंधी भाभींकडे पाहुणे होते. त्या कुरकुरल्या आणि सकाळी सहालाच स्वयंपाक उरकून मोकळ्या झाल्या. रविवारी सकाळी कचऱ्याची गाडी आली तर काका खाली जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, "आज गाणं नको लावू गा."

त्याने हळूच विचारलं, "कोणी गेलं का काका?"

"गेलं नाही. येऊन राहिलं."

अकरा वाजता प्रज्ञाला आईजवळ बसवून काका बाहेर आले आणि जिन्यात बसले. मी म्हटलं, "अहो, तुम्ही आत बसा ना."

"नाही. मी दिसलो का मलेच बोलत बसते ती. आज पोरीचा नंबर आहे."

गेले नऊ दिवस काकू त्यांच्याशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या, हे मला माहीत होतं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकले. अख्खी बिल्डिंग गप्प होती. साडेअकरा झाले, बारा झाले. सव्वाबाराला आतून आवाज आला, जुनाच, खणखणीत.

"प्रज्ञा, केस किती पातळ झाले वं तुझे. तेल लावत नाही का?"

मी उठून दाराकडे जाणार तोच काकांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांची नजर घड्याळावर होती. आत मायलेकी बोलत होत्या, मधेच हसल्याही. दार दोन पावलांवर होतं. काका जागचे हलले नाहीत, फक्त दोन्ही हातांनी जिन्याचा कठडा धरून बसले.

अकरा मिनिटांनी आवाज थांबला. प्रज्ञा बाहेर आली, डोळे पुसत, हसत. "बाबा, आईनं माझी वेणी घातली. अन् विचारत होती, तुझे बाबा जेवले का म्हणून. तुम्ही आत का नाही आलात हो?"

काका गुडघ्यावर हात टेकून उठले आणि आत गेले. मी दारातून पाहिलं. स्वभावच माझा. काकू पुन्हा खिडकीकडे वळल्या होत्या. डोळ्यांत ओळख नव्हती, कंगवा तेवढा हातात राहिला होता. काकांनी स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले. त्या माणसाच्या पोटात सकाळपासून चहाशिवाय काही गेलं नव्हतं, आणि मला त्याचा राग येत होता नि मायाही येत होती.

"जेवलो वं," ते हळूच म्हणाले. "पोटभर जेवलो."