म्हातारी राणी आणि एक परखड मत

टपाल कचेरीतला हा कारकून पुस्तकांच्या बाबतीत अत्यंत परखड माणूस होता. कचेरीत साहेबांपुढे आणि घरी बायकोपुढे त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. पण परग्रहावरचा सम्राट असो की सात राज्यांची राणी, तो कुणाचीच भीडभाड ठेवत नसे. (त्यांच्यातलं कुणी उलटून बोलणार नव्हतं, हा मुद्दा वेगळा.) वाचनालयात नवी विज्ञान कादंबरी किंवा जादूटोण्याची, राक्षसांची कादंबरी आली, की तो ती आधी उचलायचा आणि वाचक मंडळाच्या ग्रुपवर मत ठोकून द्यायचा.

एका रविवारी सकाळी त्याने ठरवलं, की टाइप करत बसण्यापेक्षा बोलूनच पाठवावं. आवाजात वजन असतं. पहिलं मत अंतराळयानाच्या कादंबरीवर होतं. "दोनशे पानं झाली तरी यान जमिनीवरच! एवढ्यात माणूस पायी पोचला असता." ते नीट वाचक मंडळात गेलं. मग त्याने चहाचे दोन घोट घेतले. तेवढ्यात बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर कुणीतरी सासूबाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाचे अकरा फोटो टाकले. तो ग्रुप टुणकन वर आला, आणि बावीस वर्षं लोकांची पत्रं बिनचूक पत्त्यावर धाडणाऱ्या या माणसाने न बघताच बोट टेकवलं.

"आता म्हातारीबद्दल स्पष्टच बोलतो," तो खाकरून म्हणाला. "ही सुरुवातीलाच मरायला हवी होती. उगाच लांबवलंय. थोरला मुलगा निव्वळ ठोंब्या. धाकटी नुसती दागिने घालून खिडकीत उभी. आणि तो अवाढव्य, आग ओकणारा! त्याला खायला घालण्यातच अर्धं राज्य संपलं. शेवट मात्र झकास. सगळे एकदम जळून जातात. मला तर मनापासून आनंद झाला."

आणि तो शीळ घालत दाढी करायला गेला.

अर्ध्या गालाला फेस असताना बायको फोन घेऊन दारात उभी राहिली. "हे काय आहे?"

"माझं मत."

"आईबद्दल?"

"आईच काय, थोरल्यालाही सोडलेलं नाही. किती जणांनी ऐकलं गं?"

"सगळ्यांनी."

"वा!" असं म्हणून त्याने आरशात स्वतःकडे कौतुकाने पाहिलं. मग आरशातूनच त्याला बायकोचा चेहरा दिसला.

त्याने धावत जाऊन स्वतःचा फोन उचलला. संदेश सगळ्यांसाठी पुसायचा की फक्त तुमच्यासाठी, असं फोनने विचारलं. (घाबरलेल्या माणसाला कधी दोन पर्याय देऊ नयेत.) पुढच्या क्षणी तो संदेश त्याला सोडून सगळ्या जगाला ऐकू येत होता.

दहाच्या आत अख्खं माहेर दारात हजर. मेहुणा, मेहुणी, साडू आणि सर्वांत पुढे सासूबाई. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे त्या बसेपर्यंत कुणी बसलं नाही.

"अहो, ती कादंबरी आहे!" त्याने सहाशे पानांचं पुस्तक छातीशी धरलं.

"खायला घालण्यात अर्धं राज्य संपलं, हे कुणाला म्हणालात?" साडूंनी विचारलं. दोन महिन्यांपूर्वी ते पाहुणे म्हणून आठ दिवस राहून गेले होते.

"ड्रॅगनला हो!"

"ड्रॅगन म्हणजे?"

"म्हणजे अवाढव्य, पोट सुटलेला..."

"बघा, पुन्हा बोलले!"

"गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या. "जावईबापू, पहिल्या पानापासून वाचा."

तो वाचू लागला. तिसऱ्या पानावर ड्रॅगनने एक पूल गिळला आणि साडू पुढे सरकून बसले. थोरला राजपुत्र स्वतःच्याच घोड्यावरून तिसऱ्यांदा पडला तेव्हा मेहुणाच सगळ्यांत जोरात हसला. दुपारी जेवण उरकून सगळे पुन्हा जागेवर येऊन बसले. बायकोने तर त्याच्यासाठी गरम पाणी आणून ठेवलं, घसा बसू नये म्हणून. लग्नानंतर एवढा वेळ त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी सासूबाई पुस्तक काखोटीला मारून घरी गेल्या, आणि चार दिवसांनी परत आल्या.

"राणी सुरुवातीलाच मेली असती, तर राज्य कुणी सांभाळलं असतं? त्या ठोंब्याने? तिने सिंहासन का धरून ठेवलं ते पान तीनशे चारवर आहे. तुम्ही वाचलंत?"

"वाचलं की," तो म्हणाला.

"कसं वाचलंत? छापखान्यातून त्या पानासकट सोळा पानं कडेला न कापता जोडलेलीच आली होती. मी सुरीने कापली."

(या ठिकाणी त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं.)

मग त्यांनी त्याचाच फोन मागून घेतला आणि वाचक मंडळाला स्वतःचं मत ऐकवलं. राणीवर, ड्रॅगनवर आणि न उडणाऱ्या यानावरही. पुरी नऊ मिनिटं. अंगठे, फुलं आणि टाळ्यांच्या चित्रांनी ग्रुप भरून गेला. तासाभरात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन.

"तुमच्या सासूबाईंना पुढच्या बैठकीत बोलायला बोलावतोय. काय माणूस आहे हो!"

"जरूर, जरूर," तो म्हणाला, आणि जरा थांबून म्हणाला, "आणि माझं मत?"

"तेही हवंच आहे! बैठक चारला ठेवू की पाचला?"

त्याने शांतपणे सर्व बाजूंनी विचार केला आणि पाच म्हणून सांगितलं.

बैठक चारला ठरली.