सुनेच्या नवऱ्याचं सुतक

विजयानं ते पत्र लिहिलं तेव्हा कुणालाही मारण्याचा तिचा विचार नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

साल एकोणीसशे एकोणपन्नास. नगरच्या मुलींच्या शाळेत विजयानं पाच वर्षं भूगोल शिकवला होता. ती वर्गात आली की चाळीस मुली उभ्या राहायच्या. मग सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि सव्विसाव्या वर्षी बाईंनी नव्यानं श्रीगणेशा केला. लहान मुलांना कसं शिकवावं हे शिकायला ती विलायतेत, लीड्सला गेली आणि अठरा-अठरा वर्षांच्या गोऱ्या पोरींच्या शेजारी बाकावर बसली. आता मास्तरीण आत आली की हीच उभी राहायची. थंडीनं बोटं सुजलेली, बटाटे खाऊन जीव विटलेला, आणि मराठी बोलायला आरशाखेरीज कोणी नाही. आठवड्याला सुमंतला एक पत्र लिहायचं आणि त्याचं एक वाचायचं, एवढ्यावर गाडी चालली होती.

सुमंत नगरच्याच हायस्कुलात गणित शिकवत असे. दोघांचं लग्नाचं ठरलं होतं. ठरत नव्हतं ते सुमंतच्या वडिलांचं. विष्णुपंतांची भिक्षुकी होती, आणि समुद्र ओलांडून गेलेल्या, स्वतःच्या मनानं वागणाऱ्या मुलीला सून म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती. नकोही म्हणत नसत. ‘परत आली की बघू,’ एवढंच. कोणी विचारलंच तर म्हणायचे, “ती सुमंतच्या ओळखीची एक बाई आहे.” अठरा महिने सुमंत या एका वाक्याला डोकं आपटत होता.

तर ते पत्र. लढाई संपून चार वर्षं होत आली तरी तिकडे कागदाची चणचण होती. विजयाची घरमालकीण मिसेस हॉब्स ही विधवा बाई, आणि आता ती एका खाटकाशी दुसरं लग्न करत होती. घर आवरताना तिला एक खोका सापडला. छान जाड कागद, तशीच पाकिटं, आणि सगळ्याला चहूबाजूंनी काळी किनार. तो तिनं विजयाला देऊन टाकला. विलायतेत असला कागद फक्त घरात माणूस गेल्यावर वापरतात. हे जगात सगळ्यांना ठाऊक असतं अशी मिसेस हॉब्सची समजूत. विजयाला वाटलं, काळ्या काठाच्या पातळासारखा हा कागद किती झोकदार आहे. तिनं त्याच रात्री सुमंतला चार पानं लिहिली.

नवव्या दिवशी पोस्टमन बाबाजान तोफखान्यातल्या विष्णुपंतांच्या घरी आला. रोज तो ओट्यावर टेकून दोन गोष्टी करायचा. आज उभाच राहिला.

“पंत, सुमंतरावांचं पत्र आहे विलायतेचं. पण रंग काही बरा दिसत नाही,” तो म्हणाला. “लढाईत मी कॅम्पात टपाल वाटायचो. असलं पाकीट हातात दिलं की मडम तिथंच मटकन खाली बसायची.”

“म्हणजे?”

“म्हणजे कोणीतरी गेलंय. घ्या, मला अजून अर्धी गल्ली वाटायची आहे.”

सुमंत परीक्षेच्या कामासाठी खर्ड्याला गेला होता, तो दुसऱ्या दिवशी येणार होता. अंबिकाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि पाकीट पाहून त्यांचा चेहराच उतरला.

“अहो, विजयाच तर नाही ना?”

पंतांनी पाकीट लांब धरून पाहिलं. “पत्ता तिच्याच अक्षरात आहे. गेलेलं माणूस पत्ता लिहीत नाही.”

“मग कोण?”

हे ठरवायला शेजारच्या नृसिंहरावांना बोलावलं. त्यांनी कॅम्पात तीस वर्षं हेडक्लार्की केलेली, साहेबांच्या चालीरीतींत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी खिशातून फूटपट्टी काढली आणि किनार मोजली.

“पाव इंच,” ते गंभीरपणे म्हणाले. “चुलता-मामा असता तर एक सूत. पाव इंच म्हणजे आईबाप, नाहीतर नवरा.”

“आईबाप तर ती लहान असतानाच गेले,” अंबिकाबाई म्हणाल्या. “मावशीनं वाढवलंय तिला. आणि इंदूमावशी आज सकाळीच बाजारात दोडक्यांवरून भांडत होती.”

“मग उरला कोण?” नृसिंहराव म्हणाले आणि फूटपट्टी खिशात ठेवली.

अंबिकाबाईंना घेरी यायचीच बाकी राहिली. “तिनं तिकडे लग्न केलं? आणि आपला सुमंत?”

“तिकडे लग्नं लवकर उरकतात,” नृसिंहराव म्हणाले. “माणसंही.”

खरं तर तिथल्या तिथे पाकीट फोडलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण दुसऱ्या दिवशी देवळाली प्रवरेला भिमाजी पाटलांच्या नव्या घराची वास्तुशांत होती आणि पौरोहित्याला पंतांना बोलावणं होतं. सुतक लागलं तर पूजा सांगता येत नाही.

“काय हो,” अंबिकाबाईंनी विचारलं, “होणाऱ्या सुनेच्या नवऱ्याचं सुतक सासऱ्याला लागतं का?”

चाळीस वर्षांच्या भिक्षुकीत हा प्रश्न पंतांना कोणी विचारला नव्हता. “पहिली गोष्ट, ती सून नाही.”

“मग सुतक नाही?”

“नाही. पण अगदीच परकी आहे असंही...” पंत अडखळले आणि पोथी घेऊन बसले. दिवेलागणीपर्यंत त्यांनी पानं उलटली. ऋषिमुनींनी सगळ्याचा विचार केला होता, एवढं मात्र राहून गेलं होतं. शेवटी त्यांना एक वाट सापडली.

“परगावच्या माणसाचं सुतक ऐकल्यापासून,” ते म्हणाले. “आपण काही ऐकलेलं नाही. पत्र फोडायचं नाही म्हणजे झालं. उद्या बारापर्यंत पूजा आटपेल. तोवर कोणी हात लावायचा नाही.”

ओट्याच्या कोपऱ्यात पाकीट ठेवून त्यावर वेताची पाटी उपडी घातली आणि पाटीवर वरवंटा ठेवला.

सकाळी पंत पहिल्या मोटारीनं देवळालीला गेले. भिमाजी पाटलानं उसाच्या जोरावर दोन मजली घर उठवलं होतं. मांडवात पन्नास माणसं. पाटील आणि पाटलीणबाई गाठ मारून पाटावर बसली. पंतांनी संकल्पाचं पाणी तळहातावर घेतलं आणि ते तसेच थांबले.

रात्रभर त्यांना झोप नव्हती. लग्न केलंन् तर केलंन्, ते मनाशी म्हणत होते, पण पोर तिकडे परमुलखात, थंडीत, एकटी रडत बसली असेल. जवळ कोणी पाणी द्यायला नाही. आणि आपण इथं पाटीवर वरवंटा ठेवून आलो. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पाणी ताम्हनात सोडून दिलं.

“पाटील, मला माफ करा. मला सुतक आहे.”

“आँ? कुनाकडचं?”

“सुनेकडचं.” शब्द कसा निघून गेला ते त्यांनाही कळलं नाही.

“कोन गेलं?”

“सुनेचा नवरा,” पंत म्हणाले आणि खाली मान घालून बसले.

पंतांना एकच मुलगा, हे पाटलाला ठाऊक होतं. पोटचा पोर गेला आणि हा म्हातारा दिलेला शब्द मोडू नये म्हणून पूजेला येऊन बसला. त्यानं उपरण्याची गाठ सोडली.

“वास्तुशांत ऱ्हाऊ द्या. टरक काढा. पंतास्नी एकलं धाडायचं न्हाई.”

उसाच्या ट्रकमध्ये वीस माणसं चढली. पंतांना डोळ्यांत पाणी आवरेना. एका अनोळखी साहेबासाठी एवढी माणसं निघाली. काय ही माणुसकी. पाटलाची म्हातारी आई रतनबाई शेजारी बसून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

“रडा, पंत. मोकळं व्हा.”

“मी त्याला एकदाही पाहिलं नव्हतं हो, रतनबाई.”

दुःखानं भ्रमिष्ट झालं बिचारं, असं म्हणून रतनबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

इकडे सुमंत अकरा वाजता खर्ड्याहून घरी पोचला. अंबिकाबाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो पाटीशेजारी येऊन बसला.

“आई, माझं पत्र आहे ते.”

“तुझं आहे, पण ते तिकडे पूजेला बसलेत. बारा वाजू देत.”

“तिनं लग्न केलं असेल तर केलं असेल. मला नुसतं कळू दे.”

“मला काय कळून घ्यायचं नाहीये? मी कालपासून भात चिवडतेय.”

तासभर दोघं त्या पाटीकडे बघत बसली. नृसिंहरावांच्या घड्याळात बाराचा शेवटचा ठोका पडायच्या आत सुमंतनं वरवंटा बाजूला केला. त्यानं पाकीट फोडलं. त्यानं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि तो ओट्यावर फतकल मारून हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला.

“मोठ्यानं वाच मेल्या,” अंबिकाबाई म्हणाल्या.

“‘कागद कसा आहे सांग,’” सुमंत वाचू लागला. “‘घरमालकीण पुन्हा लग्न करते आहे, तिनं खोकाच्या खोका दिला. मला एकदम तुझ्या आईंचं काळ्या काठाचं पातळ आठवलं. हल्ली मी मराठीत स्वतःशीच भांडते, आणि हरते. तेरा महिने राहिले. मी अजून तुझ्या घरी ओळखीची एक बाईच आहे का रे?’”

अंबिकाबाईंचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ राग आला. “त्या नृसिंहभावोजींची फूटपट्टी आधी चुलीत घाला,” त्या म्हणाल्या, आणि कालपासून पहिल्यांदा त्यांना भूक लागली.

मायलेकरं पिठलं-भाकरी खायला बसली आणि गल्लीच्या तोंडाशी बायकांचा आक्रोश ऐकू आला. सुमंत हात धुऊन, पत्र तसंच घेऊन दारात गेला. समोर ट्रक, ट्रकमध्ये वीस माणसं, आणि मधोमध वडील रडताहेत.

आक्रोश थांबला. रतनबाईंनी सुमंतला खालपासून वरपर्यंत पाहिलं, पाय जमिनीला टेकलेत का तेही पाहिलं.

“पंत,” भिमाजी पाटील सावकाश म्हणाला, “तुमचा पोरगा तर हितं उभा हाय.”

“मग कुठं उभा राहील?”

“सुनंचा नवरा गेला म्हनलात न्हवं?”

“हा नाही. दुसरा.”

“किती नवरे हायेत तुमच्या सुनंला?”

“एकही नाही,” सुमंत म्हणाला आणि त्यानं पत्र वडिलांच्या हातात दिलं.

पंतांनी चारही पानं उभ्यानं वाचली. मग ओट्यावर बसले. कोणी गेलं नव्हतं. कोणी रडत नव्हतं. त्यांना एकदम हलकं वाटलं.

पाटलाला मात्र हिशेब लागत नव्हता. “नवराच न्हाई, तर मंग सून कुनाची?”

वीस माणसं पंतांकडे बघत होती. गल्लीतली आणखी तीसेक जमली होती.

“सांगा ना,” अंबिकाबाई दारातून म्हणाल्या. “मीही अठरा महिने हेच विचारतेय.”

पंतांनी एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा मुलाकडे. “याची,” ते म्हणाले. “लग्न व्हायचंय अजून. परत आली की करायचंय.”

“मंग आमास्नी पत्रिका धाडा,” पाटील म्हणाला.

“पण पाटील, तुमचा मुहूर्त माझ्यापायी गेला.”

“जाऊ द्या वो. पोरगं जितं हाय ह्ये काय थोडं झालं? वास्तू बुधवारी बी शांत हुईल.”

रतनबाईंनी सुमंतच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. अंबिकाबाईंनी वीस माणसांच्या चहाचं आधण ठेवलं.

माणसं पांगल्यावर सुमंत उत्तर लिहायला बसला. पंत उगाचच दोन-तीनदा त्याच्या मागून फेऱ्या घालून गेले. शेवटी खाकरले.

“खाली आशीर्वाद लिही. अनेक उत्तम.”

सुमंतनं वर न बघता विचारलं, “कुणाचे म्हणून लिहू?”

“कुणाचे म्हणजे?” पंत म्हणाले. “अख्ख्या देवळालीला ठाऊक आहे, आणि तुला नाही होय?”