कॅम्पातले वामनभाऊ

आमच्या गावात नवरदेवाचं घोडंसुद्धा वामनभाऊंच्या मागून चालतं. मारुतीच्या देवळाची वाट कॅम्पातून जाते ना. भाऊ शिट्टी फुंकतात, वाजंत्री बंद पडते. “आधी मी,” म्हणत ते काठीनं जमीन ठोकत पुढं जातात, पलीकडे पोचून हात हलवतात. तोवर नवरदेव घामानं भिजलेला असतो.

कॅम्प म्हणजे इंग्रजांच्या लढाईच्या काळातला. इथं पलटणींना शिकवायचे म्हणे. आता सातपुड्याच्या पायथ्याशी सिमेंटचे ओटे तेवढे उरलेत, आणि चांदमारी, म्हणजे ज्या मातीच्या टेकडीवर नेम धरायचे ती. ओट्यांवर आम्ही बाया मिरच्या वाळवतो. कोणता ओटा कोणाचा, हे सासूकडून सुनेकडं येतं.

भाऊ एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त झाले, आणि मातीत बॉम्ब राहिलेत हे त्यांच्या डोक्यात बसलं ते बसलंच. “गंजलं म्हनून लोखंड मरत नाही, सुमनबाई. खाली जितं हाये ते.” माझ्या डोक्यावर मिरच्यांचं पोतं, आणि हा माणूस ओट्याभोवती काठी ठोकत फिरतोय. “काऊन सकाळी सकाळी भेव घालता हो?” मी खेकसायची. एकदा त्यांनी पोलीस बोलावले, तर निघाला हातपंपाचा तुकडा. गाव आठ दिवस हसलं. सगळ्यात जास्त मी.

यंदा माघात एका सकाळी शिट्टी थांबेचना. तावातावानं गेले, म्हटलं आज ऐकवतेच. चांदमारीची एक बाजू सायाळीनं उकरून ढासळली होती. मातीतून लोखंड वर आलेलं, मागं पत्र्याचे पंख. हातपंपाला पंख नसतात.

जळगाव जामोदच्या ठाण्यात फोन लावला. पोलीस म्हणाले, बुलढाण्याहून बॉम्ब काढणारी माणसं येतील, तोवर कोणी जवळ फिरकू नका. आणि भाऊ त्या वस्तूपासून दहा हातांवर मांडी घालून बसलेले.

“भाऊ, इकडं या.”

“बकऱ्या चरून राह्यल्या इथं. कोनी तं पाह्यजे.”

“दुरून शिट्टी वाजवा ना मग.”

“पशिंजर आयकत नव्हते, बकऱ्या काय आयकतीन?”

एरवी हसले असते. आज ओरडले. “पन तुम्हीच काऊन? दरवेळी तुम्हीच काऊन?”

भाऊ शांतपणे म्हणाले, “घरोघरी लेकरं हायेत, म्हाताऱ्या हायेत. माही बायको गेली त्याले अकरा वर्षं झाली. माह्या मागं रडाले कोनी नाही. मंग दुसऱ्यानं काऊन पाय टाकावा?”

इतकी वर्षं ज्याला आपण येडा म्हणत होतो, तो आपल्या पावलाआधी स्वतःचं पाऊल टाकत होता. लाज वाटली, आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी पदर खोचला आणि सरळ त्यांच्याकडे चालायला लागले.

“मागं व्हा. बाई, मागं व्हा म्हनतो ना.”

“नाही होत. तिथंच येऊन बसते तुमच्याजवळ. अन् कोनी नाही काय म्हनता? मी रडीन.”

भाऊ धडपडत उठले, धावत आले आणि माझं मनगट धरून मला पार ओट्यापर्यंत ओढत घेऊन गेले.

पोलिसांची गाडी यायला दुपार झाली. त्यांनी ते काय ते जपून काढून नेलं. तोवर आम्ही दोघं ओट्यावर बसून बकऱ्यांना खडे मारत होतो. माझा डोळा काही त्या टेकडीवरून हलत नव्हता.

गाडी यायच्या जरा आधी भाऊंनी जमिनीकडं बघत विचारलं, “खरंच रडसान?”

“हाव.”

त्यांनी एक खडा उचलला, हातात घोळवला, मारला नाही.

“किती दिवस?”