विमलताईंची बकुळा

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या विमलताईंच्या हातात काहीही द्या, त्या ते आधी लांब धरतात, मग डोळ्यांजवळ आणतात, मग उलटं करून बघतात आणि निकाल देतात. "पास", "रिजेक्ट", नाहीतर "रीवर्क". चौथा निकाल नाही. अंबडच्या एका कारखान्यात त्यांची सगळी नोकरी तयार माल तपासण्यात गेली. कारखान्यानं त्यांना निरोप दिला, पण त्यांनी तपासणीला काही निरोप दिला नाही. माझी पुरणपोळी कडेला जाड म्हणून एकदा रीवर्कला परत आली होती. निफाडहून त्यांचा भाऊ द्राक्षांची पेटी पाठवतो, तर सख्ख्या भावाचे निम्मे घड रिजेक्ट. ते मग आमच्याकडे येतात, आणि खोटं कशाला बोलू, साखरेसारखे गोड असतात.

डावा पाय किंचित ओढत चालतात. लग्न केलेलं नाही. सोसायटीतल्या बायकांचं म्हणणं, तपासता तपासता सगळी स्थळं रिजेक्ट झाली असणार. मलाही ते पटायचं.

तर अशा या बाईंच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, काचेच्या पेटीत अजगर आहे. परदेशी जातीचा, उभा धरला तर माझ्या कमरेपर्यंत येईल एवढा लांब, सरकारदरबारी रीतसर नोंद केलेला. भाचा कॅनडाला निघाला तेव्हा म्हणाला, "आत्या, मला तिकडे घर मिळेपर्यंत सांभाळ." त्याला घर मिळालं, बायको मिळाली, मुलगीही झाली. अजगर इथंच. मादी आहे आणि अंगावर फुलांसारखे ठिपके आहेत म्हणून ताईंनी तिचं नाव बकुळा ठेवलं. एकदा मी बर्फ मागायला गेले, तर म्हणाल्या, फ्रीजर उघड आणि घे. उघडला. मटारच्या पिशवीशेजारी पांढरे उंदीर ओळीनं झोपवलेले. बकुळाचं जेवण. तेव्हापासून आम्ही बर्फाशिवाय सरबत पितो.

यंदा थंडी सरत आली आणि एका सकाळी ताईंनी माझं दार वाजवलं. केस विंचरलेले नव्हते, हे त्यांच्या बाबतीत भूकंपासारखंच.

"मीना," त्या म्हणाल्या, "बकुळानं अंडी दिलीत."

आता बकुळा त्या पेटीत कित्येक वर्षं एकटी. नर नावाचा प्राणी तिनं बघितलेलाही नाही. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बातमी पडली आणि सगळ्यांनी एकदम हिशोब मांडला. एका हातानं टाळी वाजत नाही. अंडी आहेत म्हणजे नर आहे. तो पेटीत नाही म्हणजे बिल्डिंगमध्ये मोकळा आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी बेसिनच्या भोकात चिंध्या कोंबल्या. वॉचमननं बागेतला पाण्याचा पाइप काठीनं झोडपून काढला. आणि आमचे हे पडले सेक्रेटरी. यांनी नोटीस लावली की, विमलताईंनी आपल्याकडील नर रविवारपर्यंत सोसायटीसमोर हजर करावा.

ताईंनी नोटीस लांब धरली, जवळ आणली, उलटी केली. "रिजेक्ट," म्हणाल्या. "सही तिरकी आहे."

रविवारी मीटिंग झाली. नर काही हजर झाला नाही, पण ताईंनी प्राण्यांच्या डॉक्टरांना बोलावून आणलं होतं. त्यांनी समजावून सांगितलं की सापांमध्ये असं क्वचित घडतं. मादी एकटी, नराशिवायही अंडी घालू शकते आणि त्यातून पिल्लू येऊ शकतं. यांनी तर चष्मा काढून पुसला. घरी गेल्यावर मला म्हणाले, "म्हणजे आमची गरजच नाही म्हण की." मी म्हटलं, आधी गॅसचा सिलिंडर लावा, मग बोलू.

पण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. अशी अंडी बहुतेक खराबच होतात म्हणाले, आणि चुकून पिल्लू निघालंच तर ते अधू निघायची भीती. टाकून दिलेली बरी. झालं, कमिटीनं ते उचलूनच धरलं. बकुळा राहू दे, अंडी तेवढी टाका. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. रिजेक्ट माल फेकायचा असतो हे विमलताईंना का सांगायला हवं?

ताई खुर्चीचा आधार घेऊन उठल्या.

"मला बघायला पाहुणे यायचे," त्या म्हणाल्या. "पोहे खायचे, मला दारापर्यंत चालून दाखवायला सांगायचे, आणि कळवतो म्हणून निघून जायचे. एकानंही पुढं कळवलं नाही. पण निदान बघून तरी गेले. ही पिल्लं तर अजून बाहेरही आली नाहीत. अंडी टाकायची असतील तर सांगा, मी बकुळाला घेऊन निफाडला भावाकडे जाते."

मला त्या क्षणी आम्हा सगळ्या बायकांची लाज वाटली, माझी जरा जास्तच. हे घसा खाकरून म्हणाले, "ताई, कुठं जायचं नाही. अंडी फुटेपर्यंत विषय बंद."

मग सुरू झालं बाळंतपण. बकुळा अंड्यांना वेटोळं घालून बसली ती बसलीच. उंदीर समोर धरला तरी तोंड फिरवायची. ती उपाशी म्हणून ताईही एकच वेळ जेवायला लागल्या. मी रागावले, तर म्हणाल्या, तिला सोबत नको का? मधूनच एखादं अंडं पिवळं पडायचं, आत दबायचं. ते ताई स्वतः काढायच्या, आणि खाली पारिजातकाजवळ पुरून यायच्या. तो पाय ओढत जिना उतरणं मला बघवायचं नाही. जोशीकाकूंनी बेसिनमधल्या चिंध्या काढल्या आणि डिंकाचे लाडू करून पाठवले. एक लाडू चपटा होता. ताईंनी तोही मुकाट्यानं खाल्ला.

शेवटी एकच अंडं राहिलं. मी देवाला हात जोडले. सापाच्या अंड्यासाठी, मी! ज्या बाईला पाल दिसली तर नवऱ्याला ऑफिसातून बोलवावंसं वाटतं.

परवा दुपारी ताईंची हाक आली. मी पीठ भिजवत होते, तशीच धावले. अंड्याला चीर गेली होती आणि त्यातून बोटाएवढं डोकं बाहेर आलं होतं. आम्ही दोघी पेटीसमोर फतकल मारून बसलो. कितीतरी वेळानं ते सगळं बाहेर आलं. ताईंनी भिंग हातात घेतलं, डोळ्यांपर्यंत नेलं, आणि खाली ठेवलं. मग ते माझ्याकडे सरकवलं.

"तू बघ," त्या म्हणाल्या. "मी बघितलं की मला चूकच दिसते गं."

मी पिठाच्या हातानं भिंग धरलं. छान ठिपके होते, अगदी आईसारखे. शेपटीजवळ मात्र अंग वाकडं होतं, आणि पुढं सरकताना ते तेवढा भाग मागून ओढत होतं. पण सरकत होतं. थेट बकुळाकडे निघालं होतं.

मी सगळं नीट बघून घेतलं, मग भिंग ठेवलं आणि म्हटलं, "पास."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं, ताई. पास."

आयुष्यात दुसऱ्याचा निकाल न मानलेल्या विमलताईंनी तो मानला. चष्मा काढून डोळे टिपले आणि पदर खोचत चहा टाकायला उठल्या. चहात साखर घालायची विसरल्या होत्या. मी सगळा प्याले.