मर्व्हने काळीज चार्जिंगला लावलं

यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं, असं मर्व्ह हॅगन छातीठोकपणे सांगायचा. डॉक्टरांनी छाती ठोकायला मनाई केल्यापासून नुसतंच सांगायचा.

ब्लफ गावच्या बंदरातून कालवांची बोट हाकण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. इंजिन नुसतं खोकलं तरी त्याला त्याचं दुखणं कळायचं. त्यामुळे स्वतःचंच काळीज मधूनमधून दम खायला थांबू लागलं, तेव्हा त्याला भीतीपेक्षा अपमान जास्त वाटला. इन्व्हरकार्गिलच्या डॉक्टरांनी त्याच्या डाव्या खांद्याखाली लहानशा काड्यापेटीएवढा पेसमेकर बसवला. काळीज रेंगाळलं की त्याला ढोसायचं, एवढंच त्याचं काम. मर्व्हला हे यंत्र मनापासून आवडलं, पण त्यातली एक गोष्ट खटकली. बॅटरी संपली की पुन्हा टेबलावर झोपायचं आणि पुन्हा कापून घ्यायचं. त्याला अजून कितीतरी वर्षं आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. पण बोटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला टाकी भरलेली असतानाच डिझेलची काळजी सुरू होते.

त्यात त्याची मुलगी शोना ड्युनेडिनहून आली ती आईच्या वाढदिवसासाठी बिनवायरचा चार्जर घेऊन. पांढरी, बशीच्या आकाराची चकती. तिची वायर भिंतीत लावायची आणि वर फोन ठेवायचा. फोन टक् करून चकतीला चिकटायचा आणि आपोआप भरायला लागायचा. मर्व्हच्या बायकोने, नोएलीनने, फोन आणि चकतीच्या मध्ये केकखालचा कागद घालून पाहिला. तरी भरतच होता. मग वीज जाते कुठून, असं तिने विचारलं. शोनाने चुंबक, तारांची वेटोळी असं बरंच काही सांगितलं. नोएलीनला त्यातलं एवढंच कळलं, की या चकतीतून वीज हवेत उडते. मर्व्हला मात्र सगळंच कळलं. तो कितीतरी वेळ चकती उलटसुलट करून बघत राहिला. तेव्हाच नोएलीनने सावध व्हायला हवं होतं.

निघताना शोनाने आईला गाडीपाशी बाजूला घेतलं.

"ती चकती बाबांच्या छातीजवळ तेवढी नेऊ नको. चुंबक आहे तिच्यात. पेसमेकरला चालत नाही. त्यांना सांगून ठेव."

सांगून ठेव म्हणायला शोनाचं काय जातंय, असं नोएलीनला वाटलं. मर्व्हला जड उचलायला मनाई केली, त्याच आठवड्यात तो शेजाऱ्याचा फ्रीज उचलायला गेला होता. अमुक करू नको म्हटलं, की ते केल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. तेव्हा मर्व्हला काही सांगायचंच नाही, चकतीच त्याच्यापासून लांब ठेवायची, असं तिने ठरवलं. तिच्या दृष्टीने हा शहाणपणाचा निर्णय होता, आणि पुढचा सगळा घोळ याच निर्णयापासून सुरू झाला.

आधी तिने चकती स्वयंपाकघरातून हलवून कपडे धुवायच्या खोलीत नेली. पण वीज हवेतून उडतेच म्हटल्यावर ती दारापाशी थोडीच थांबणार? म्हणून फोन काढून झाल्यावर तिने चकतीवर बिस्किटांच्या डब्याचं पत्र्याचं झाकण उपडं घातलं. काही वेळाने जाऊन हात लावला तर झाकण चांगलंच तापलेलं. नोएलीनने ते हातातून टाकलं आणि बोट तोंडात घालून ती तिथेच उभी राहिली. रिकाम्या चकतीतूनही वीज गळते, याचा आता तिला पुरावाच मिळाला होता. तिने वायर उपटली, चकती कपड्यांच्या चिमट्यांच्या टोपलीत तळाशी घातली आणि वरून टॉवेल पसरला. फोन भरायचा झाला, की ती इकडेतिकडे बघत त्या खोलीत जायची, आतून दार लावून घ्यायची आणि थोड्या वेळाने भरलेला फोन घेऊन निष्पाप चेहऱ्याने बाहेर यायची.

मर्व्ह खुर्चीत बसून हे सगळं पाहत होता. बायको काहीतरी लपवते आहे हे त्याला कळलं. काय लपवते आहे हेही कळलं. का लपवते आहे, तेवढं कळेना.

तो धक्क्यावर हेमीकडे गेला. हेमीने त्याच्या बोटीवर हयात काढली होती. मर्व्ह घरी बसला तरी तो अजून त्याला कप्तानच म्हणायचा. मर्व्हने त्याला आपला प्रश्न सांगितला. फोन बंद डबा आहे. त्याला भोक नाही, तार नाही, तरी तो भरतो. छातीतलं यंत्रसुद्धा बंद डबाच आहे. मग?

हेमीने जाळ्याची गाठ मारता मारता बराच विचार केला.

"कप्तान, माझा दात घासायचा ब्रश आहे विजेचा," तो म्हणाला. "नुसता त्याच्या खुंटीवर उभा करून ठेवतो मी. वायर नाही, काही नाही. सकाळी भरलेला असतो. आणि तो तर मी तोंडात घालतो."

याच्यापुढे आणखी शास्त्र मर्व्हला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोएलीन चर्चमध्ये फुलं लावायला गेली आणि मर्व्हने चिमट्यांची टोपली उपसली. चकतीची वायर भिंतीत लावली, धुतलेल्या टॉवेलांवर उताणा झोपला, शर्टाची बटणं सोडली आणि खांद्याखालच्या उंचवट्यावर चकती अलगद ठेवली. काही होणार नाही अशी थोडी भीती होती. पण झालं. आतलं काळीज क्षणभर चाचपडलं आणि मग बोटीच्या इंजिनाला कुणी थोडा जोर द्यावा तसं एका ठेक्यात, भरभर चालू लागलं. टक टक टक टक. मध्ये खंड नाही की कुरकुर नाही. मर्व्ह डोळे मिटून ऐकत राहिला. टाकीत डिझेल पडतानाचा आवाज त्याला आयुष्यभर आवडत आला होता. तसंच काहीसं सुख त्याला त्या ओल्या साबणाच्या वासात मिळालं.

चकती काढल्यावर ठेका पुन्हा पूर्वीसारखा झाला. म्हणजे आता भरलं, असा मर्व्हने अर्थ लावला.

नोएलीन परतली तेव्हा नवरा शिडीवर चढून छपराची पन्हळ साफ करत होता. दुपारी त्याने गवत कापलं. संध्याकाळी जेवणाची भांडी न सांगता धुतली, आणि ती पुसायला उभी असताना रेडिओवर काहीतरी लागलं तर तिला कमरेला धरून स्वयंपाकघरात दोन गिरक्या मारल्या. नोएलीन ओल्या फडक्यासकट फिरली आणि मनात म्हणाली, बघा, ती चकती लांब नेल्याबरोबर केवढा फरक पडला.

तिने शोनाला फोन करून तसं सांगितलंही. चार्जर हलवल्यापासून तुझे बाबा तरणेताठे झालेत म्हणाली. त्यात चार्जरचा काय संबंध, हे शोनाला कळेना. पण आई आनंदात होती म्हणून तिने जास्त चौकशी केली नाही.

मर्व्ह आता रोज सकाळी काही ना काही निमित्ताने धुण्याच्या खोलीत जायचा. कपडे मी वाळत घालतो, असंही म्हणू लागला. ते ऐकून नोएलीनला गहिवरून आलं आणि त्याच भरात तिने पुढची चूक केली. एवढ्या लांब नेल्याने एवढा गुण येतो, तर आणखी लांब नेली तर काय होईल, असा हिशेब करून तिने चकती वायरीसकट उचलली आणि गाडीत, पुढच्या सीटखाली नेऊन ठेवली.

सकाळी मर्व्हने टोपली उपसली तर नुसते चिमटे.

त्याने कपाटं पाहिली, कपडे धुवायच्या यंत्राच्या मागे हात घातला, मळलेल्या कपड्यांत शोधलं. चकती नव्हती. जेवायच्या वेळेपर्यंत त्याच्या पायातलं बळ गेलं. चहाच्या वेळी कप जड वाटू लागला. पुढच्या दिवशी तो सोफ्यावरून उठलाच नाही. आतून काळीज अगदी पूर्वीसारखं चालत होतं, पण ते आता काटकसरीने चालतंय असं त्याला वाटू लागलं. प्रत्येक ठोका शेवटून कितवा असेल, या विचाराने त्याला घाम फुटायचा. घामामुळे अशक्तपणा वाटायचा आणि अशक्तपणा म्हणजे बॅटरी उतरल्याची खूण.

नोएलीन सूप घेऊन आली. नवऱ्याचा रंग पार उडाला होता.

"नोएलीन," तो क्षीण आवाजात म्हणाला, "कुठे ठेवलंस?"

"काय?"

"तुला माहीत आहे काय ते. पूर्ण नको. निम्मं दे. पण दे."

नोएलीनला वाटलं, तो वातात बरळतोय.

"मी तुला काय कमी केलं?" मर्व्ह पुढे म्हणाला. "मी संपावं असं तुला कधीपासून वाटायला लागलं, तेवढं तरी सांग."

यावर सूप गालिच्यावर सांडलं. नोएलीन रडत त्याचा कोट घेऊन आली, त्याला कसंबसं उभं केलं आणि गाडीत घातलं. रुग्णवाहिका बोलवावी हे तिला सुचलंच नाही. इन्व्हरकार्गिलची वाट समुद्राच्या कडेने जाते, आणि त्या दिवशी सामुद्रधुनीवरून असा वारा सुटला होता, की गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत होती. मर्व्ह शेजारी मान टाकून बसला होता. नोएलीन मध्येच त्याच्याकडे बघायची, मध्येच रस्त्याकडे, आणि दोन्हीकडचं काही धड दिसत नव्हतं.

एका वळणावर सीटखालून काहीतरी घरंगळत मर्व्हच्या बुटाला लागलं. त्याने वाकून पाहिलं. बुडत्याला लाकडाचा ओंडका सापडावा तशी त्याने ती चकती छातीशी धरली आणि कोटाच्या आत घातली.

टक टक टक टक.

"ठेका आला," मर्व्ह म्हणाला. त्याची मान सरळ झाली. गालांवर रंग आला. "भरतंय, नोएलीन. ऐक. भरतंय."

नोएलीनने त्याच्या कोटाकडे पाहिलं आणि एक किंकाळी फोडून गाडी रस्त्याच्या कडेला घातली. पलीकडच्या मेंढ्या दचकून कुंपणापासून पळाल्या. तिने त्याच्या कोटात हात घातला, त्याने चकती सोडली नाही, आणि लग्नाला इतकी वर्षं झालेलं ते जोडपं भर रस्त्यावर गाडीत बसून झोंबाझोंबी करू लागलं. हे काळजाला घातक आहे, असं ती ओरडत होती. याच्यावरच तर मी इतके दिवस जगलो, असं तो ओरडत होता. इतके दिवस, हे शब्द कानावर पडले तेव्हा नोएलीन थांबली.

"म्हणजे तू हे रोज लावत होतास?"

"रोज. तू पळवलंस म्हणून तर ही दशा झाली."

 नोएलीनची नजर खाली गेली. चकतीची वायर त्याच्या कोटातून बाहेर आली होती आणि तिचं टोक त्याच्या मांडीवर मोकळं पडलं होतं.

"मर्व्ह," ती हळूच म्हणाली, "हे कशालाच लावलेलं नाहीये."

मर्व्हने ते टोक उचललं. उलटंपालटं करून पाहिलं. छातीत अजूनही ठेका चालूच होता. यंत्रातलं सगळं कळणाऱ्या त्या माणसाचा चेहरा तेव्हा असा झाला, की नोएलीनला त्याही स्थितीत त्याची दया आली.

इस्पितळात पेसमेकर तपासायला लोसा नावाची एक हसतमुख बाई होती. तिने मर्व्हच्या छातीवर आपलं यंत्र धरलं, पडद्यावरच्या रेघा बघितल्या आणि पेसमेकर उत्तम चालू आहे, काळीजही ठीक आहे, असं सांगितलं. मग तिने कपाळाला आठी घातली.

"मिस्टर हॅगन, तुम्ही रोज सकाळी छातीला चुंबक लावत होता का?"

मर्व्हने छताकडे पाहिलं. नोएलीनने त्याच्या वतीने सगळं सांगून टाकलं, झाकण तापल्यापासून ते मेंढ्यांपर्यंत. लोसाने न हसता ऐकून घेतलं. त्यासाठी तिला दोनदा खिडकीकडे तोंड करावं लागलं. मग तिने समजावून सांगितलं. चुंबक जवळ आलं, की पेसमेकर तपासणीसाठी एका ठरलेल्या वेगाने चालायला लागतो. काळजाला गरज असो वा नसो, तो आपला ठोके देत सुटतो. चुंबक काढलं की पूर्ववत. विजेचा त्यात काही संबंध नाही. पुन्हा असं अजिबात करू नका, कुणाला ते चांगलंच महागात पडू शकतं. बाकी फोन काय आणि चार्जर काय, छातीपासून वीतभर लांब असला की झालं.

"वीतभर?" नोएलीनने विचारलं. तिला चिमट्यांची टोपली आठवली.

"वीतभर. स्वयंपाकघरात खुशाल ठेवा. आणि झाकण घालू नका, तापतं."

मर्व्हचा एकच प्रश्न राहिला होता. तो त्याने घसा खाकरून विचारला. इतक्या दिवसांत थोडीफार तरी भरली असेल ना?

"भरली नाही," लोसा म्हणाली. "ती भरायची सोयच नसते. उलट विनाकारण ठोके दिल्यामुळे थोडी खर्चच झाली म्हणा ना."

 घरी आल्यावर मर्व्हने नवा मार्ग काढला. जे गेलं ते गेलं, आता उरलेलं जपून वापरायचं. तो सोफ्यावर आडवा झाला, पाय उशीवर ठेवले, आणि यापुढे गवत, पन्हळ, भांडी यातलं काहीही आपल्याला जमणार नाही, असं त्याने जाहीर केलं. बॅटरीचा प्रश्न होता.

नोएलीनने चकती स्वयंपाकघरातल्या आपल्या जागी ठेवली, तिच्यावर फोन चिकटवला आणि खोचायला पदर नव्हता म्हणून नुसतेच कमरेवर हात ठेवून ती सोफ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तू तिकडे बूट घालत होतास तेव्हा मी विचारून घेतलंय त्या बाईला," ती म्हणाली. "काळीज रेंगाळलं की ते यंत्र कामाला लागतं. माणूस हिंडता-फिरता असला, काळीज आपणहून भरभर चाललं, की ते बसून राहतं. म्हणजे तू लोळलास की बॅटरी खर्च. तू कामाला लागलास की शिल्लक."

 यात कुठेतरी खोट आहे असं मर्व्हला वाटत होतं, पण ती सापडेना. शेवटी तो उठला आणि गवत कापायचं यंत्र काढायला मागे गेला.

नोएलीनने किटली ठेवली. लोसा नेमकं असंच म्हणाली होती, की याच्यासारखं काहीतरी, हे तिला आता नीटसं आठवत नव्हतं. शोनाला फोन करून खात्री करून घ्यावी, असं तिच्या मनात आलं. पण बाहेर यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला, आणि फोन काय, अजून पुरता भरला नव्हता.