डॅशबोर्डावरील गजाननाची व इजाऱ्याच्या मोटारीची कैफियत

श्रीगजानन प्रसन्न. मिशिगन प्रांती ट्रॉय नामे कसबा, तेथे मोटारींच्या कारखान्यास डिंक पुरविणाऱ्या पेढीचे चाकरीतील मातबर सरदार राजमान्य राजेश्री मोरेश्वरराव नांदत असतां, त्यांचे घरची इजाऱ्याची मोटार मालकीची कशी जाहली, याविषयी लोक पॉटलकाचे, म्हणजे ज्याने त्याने आपला पदार्थ आणावयाचे, पंगतीत मीठमसाला लावून भलतेच सांगतात. सबब खरे वर्तमान येथे साद्यंत लिहिले असे.

मोटार थोर, सात आसनी, उंचीने गढीसारखी. इजारा तीन सालांचा, ज्यास त्या मुलखी लीज म्हणती. मुदत सरत आली आणि रावांचे मनी विजेच्या मोटारीचा मनसुबा उपजला. शेजारचे संग्रामराव यांनी तैसी मोटार आणिली होती, ती मांजराचे पावलाने येत जात असे, आणि राव ती पाहावयास कचऱ्याचा डबा विनाकारण बाहेर नेत आणि पुन्हा आत आणीत. मग रावांनी स्वयंपाकघरी दरबार भरवून फर्मान काढिले की जुनी मोटार धन्यास परत करावी. यावर कुटुंब अहिल्याबाईसाहेब यांनी मोटारीत खोट काय, ऐसा सवाल टाकिला. कन्या उर्वी हिने तर शिकाऊ परवाना मिळविला होता आणि जुन्या मोटारीवर तिचा डोळा होता. परंतु राव हट्टास पेटले. मसलत बारगळली.

मग धन्याकडील तपासनीस दारी आला. त्याने चाके पाहिली, आसने पाहिली, मागील गालिच्यावरील हळदीचा डाग पाहून मान हलविली, तरी चालेल म्हणोन सोडून दिला, आणि अखेर पुढील फळीवर नजर जाताच थबकला. तेथे श्रीगजानन विराजमान होते. तपासनिसाने अंगठ्याने लोटून पाहिले, दोन्ही हातांनी लोटून पाहिले, आणि हुकूम सुनाविला की डॅशबोर्ड पहिल्यासारखा करोन द्यावा, नाहीतर नुकसानी भरावी.

ऐसियास कारण रावच. मोटार आणिली त्या दसऱ्यास मातोश्री सरलाबाई यांनी नागपुराहून धाडिलेली मूर्ती त्यांनी फळीवर बसविली. नारळ फोडिला, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबे ठेविली. पहिल्याच वळणावर श्री आडवे जाहले. रावांस हा आपले हुन्नराचा अपमान वाटला, आणि त्यांनी प्रयोगशाळेतून स्वहस्ते सिद्ध केलेला डिंक आणोन श्रींची कायमची स्थापना केली. इजाऱ्याची वस्तू परक्याची, एक दिवस द्यावयाची, हे भान त्या कुंकवाच्या भरात कोणासही राहिले नाही. दसऱ्यास जिची पूजा केली ती आपली, ऐसा आपल्या लोकांचा समज पिढीजात.

रावांनी तोडगा काढिला की श्रींसकट मोटार द्यावी आणि नुकसानी भरोन मोकळे व्हावे. तेव्हा बाईसाहेब कडाडल्या, “परत केलेल्या गाड्या ऑक्शनला जातात. म्हणजे आपला गणपती ऑक्शनला? आणि उद्या कोणी त्याच्या सोंडेवर सनग्लासेस अडकवणार? वेड लागलंय का तुम्हाला?” आणखी ताकीद जाहली की छिन्नी, हातोडी लावल्यास खबरदार, मूर्ती भंगली तर आईंना तोंड तुम्हीच दाखवा.

मग मोहीम सुरू जाहली. प्रथम बाईसाहेबांचे केस वाळवावयाचे यंत्र मोर्चावर लाविले. फळी तापली, राव तापले, श्री शांत. दात साफ करावयाचा दोरा मूर्तीचे बुडाखालून ओढावा म्हणती, तो ओढिला, तो तुटला, दुसरा आणिला, तोही तुटला. खोबरेल ओतिले, तेणेकरून मोटारीस चंपीचा वास मात्र लागला. बर्फ लाविला, तो वितळोन खोबरेलात मिळाला. राव घामाघूम होवोन आसनी टेकले, आणि हरत असताही अंतरी कोठेतरी सुखावले. हाच डिंक कचेरीत वरिष्ठांनी फाजील मजबूत म्हणोन फेटाळिला होता. तो सल त्यांनी घरी कोणास कधी सांगितला नव्हता.

बळ सरले तेव्हा शास्त्र आठवले. श्रीराम गुरुजी म्हणोन होते, आठवडाभर संगणकाची चाकरी आणि सुट्टीस पौरोहित्य करीत. त्यांनी निवाडा दिला की आधी उत्तरपूजा करावी, देवास रीतसर निरोप द्यावा, मग मूर्ती ही केवळ मूर्ती, सुटेल तैसी सोडवावी. रविवारी गॅरेजात मोटारीत पूजा मांडिली. बाईसाहेबांनी दहीपोह्यांचा नैवेद्य केला, उर्वी मागे बसली, गुरुजी फोनातून मंत्र सांगू लागले. अक्षता वाहिल्या.

गुरुजी म्हणाले, “आता मूर्ती जागेवरून किंचित हलवा.”

रावांनी पाय रोविले आणि दोन्ही तळव्यांनी जोर केला. मोटार डुलली, आरसे डुलले, पोह्यांचे ताट घरंगळले. श्री तसूभर ढळले नाहीत.

“हलली का?” गुरुजींनी पुसिले.

देवासमोर खोटे कैसे बोलावे. राव म्हणाले, “गाडी हलली, गुरुजी.”

मग गुरुजी म्हणाले, “मग निरोप झालेला नाही हो. देव अजून मुक्कामाला आहेत.”

मागोन उर्वी बोलिली, “बाबा, ही इज नॉट लीव्हिंग.” आणि बाईसाहेबांनी सांडलेले पोहे वेचीत विचारिले, “अहो, पण लावलंयत तरी काय त्याला एवढं?”

इतक्या वर्षांत रावांचे चाकरीविषयी घरात कोणी ऐसे आस्थेने पुसिले नव्हते. राव सांगो लागले. डिंक कैसा कल्पिला, उन्हात आणि बर्फात कैसा पारखिला, वरिष्ठ काय म्हणाले, सर्व सांगितले. बाईसाहेब ऐकत बसल्या. अखेर म्हणाल्या, “मूर्ख आहेत मेले.” ते शब्द रावांस विजेच्या दहा मोटारींहून गोड लागले, आणि मनसुबा आपोआप विरघळोन गेला.

दुसरे दिवशी राव सहकुटुंब मोटारवाल्याचे दरबारी गेले आणि इजारा मोडोन मोटार कायमची खरेदी केली. त्याचे विक्रीवरील वकिलाने मुबारकबाद देऊन किल्ल्या पुढे केल्या. रावांनी हात लांबविला, तो उर्वीने त्या वरचेवर टिपल्या आणि सारथ्याचे जागी बसली. कायद्याप्रमाणे जाणते माणूस शेजारी पाहिजे, म्हणोन बाईसाहेब शेजारी बसल्या. मधले रांगेत किराण्याच्या पिशव्या होत्या.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते होवोन मोटार मालकीची जाहली, आणि मालक तिसरे रांगेत गुडघे हनुवटीस लावोन, समाधानाने, स्वगृही पावते जाहले.