कोपऱ्यातली भेग

रस्त्याकडेला ‘ऐतिहासिक स्थळ, दोन किलोमीटर’ अशी पाटी दिसली की चंद्रात्रे गाडीचा वेग वाढवत.

“पाटी लागली की जागा गेली,” ते म्हणत. पाटीमागून कुंपण येतं, कुंपणामागून तिकीट आणि शेवटी कुणाच्या तरी शुभहस्ते उद्घाटन, असा त्यांचा सिद्धांत होता.

चंद्रात्रे नाशिकला आमचे शेजारी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, एकटेच राहत. एकोणीसशे नव्वदनंतर कधीतरी त्यांनी जुनी फियाट घेतली आणि दर रविवारी कुणाला ना कुणाला तिच्यात घालून वणी, देवळा, सटाण्याकडे नेऊ लागले. अर्धी बुजलेली बारव, कांद्याच्या चाळीला टेका देणारा बुरूज, असली त्यांची स्थळं. डिकीत पाण्याचा कॅन आणि दोन मऊ ब्रश असत. डबा नसे.

“इतिहासाला भूक नसते, वहिनी.”

“मला आहे ना, भावजी!” माझी बायको म्हणे.

प्रत्येक सहल नामपूरजवळच्या एका वीरगळापाशी संपे. गुरं वाचवताना पडलेल्या कुणा वीराचा तो दगड, निंबाखाली उभा. चंद्रात्रे तो आंघोळ घालावी तसा धूत. मग पाहुण्याला खालच्या कोपऱ्याशी वाकवत.

“इथे काय दिसतं?”

“भेग,” पाहुणा म्हणे.

“नीट बघा.”

“भेगच आहे.”

मग देवळा येईपर्यंत ते एक शब्द बोलत नसत. या परीक्षेत मी दहा वर्षं नापास होत होतो. विद्वानांना दुसऱ्याचं अज्ञान मोजण्याची हौस असते, एवढाच अर्थ मी त्यातून काढला होता.

पुढे एका लग्नात त्या वीरगळाच्या गावचे सरपंच माझ्या पंगतीला बसले. जिलबी खाता खाता मी त्यांना त्या दगडाचं महत्त्व सांगितलं. गावाच्या कळवळ्याने नव्हे. चंद्रात्र्यांकडून ऐकलेलं स्वतःचं म्हणून सांगायला बरं वाटत होतं, एवढंच. तीन महिन्यांनी घरी निमंत्रणपत्रिका आली: वीरगळ सुशोभीकरण सोहळा. प्रमुख पाहुण्यांत चंद्रात्र्यांचं नाव होतं.

मंडप होता, कर्णे होते. दगडाखाली बाथरूमच्या फरशांचा ओटा होता. आणि दगडाला नखशिखांत ऑइलपेंट. वीर निळा, तलवार चंदेरी. मूळ कारागिराने न दिलेल्या मिश्यासुद्धा वीराला मिळाल्या होत्या. सरपंचांनी चंद्रात्र्यांना शाल-नारळ दिला. मी मान खाली घालून स्फोटाची वाट पाहत होतो.

चंद्रात्रे ओट्याशी गुडघ्यांवर बसले. खालच्या कोपऱ्यात, गायीच्या तोंडाशी, एक पांढरं वासरू होतं. काळे डोळे, कपाळावर लाल टिकली.

“हे कुणी रंगवलं?”

बैलांची शिंगं रंगवणारा एक म्हातारा भीत भीत पुढे आला. “मी, भाऊ. चुकनं का काही?”

“इथे तर भेग होती.”

“भेग कशी? वासरू शे ते. गाय चाटी ऱ्हायनी ना त्याले.”

चंद्रात्र्यांनी त्याचे रंगाने माखलेले हात हातात घेतले. बराच वेळ सोडले नाहीत.

परतताना देवळ्याच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली.

“ही एकदाच आली होती त्या दगडापाशी,” ते म्हणाले. त्यांची बायको गाडी घेण्याआधीच वारली होती. “आम्ही आठ-दहा जण होतो, एसटीने आलो होतो. सगळे विद्वान. ही म्हणाली, अगंबाई, वासरू! मी चारचौघांत म्हटलं, भेग आहे ती, उगाच काहीतरी बोलू नकोस. त्यानंतर कधी आली नाही.”

“मग?”

“ती गेल्यावर मलाही दिसायला लागलं. पण खरंच आहे म्हणून दिसतंय, की ती गेली म्हणून, ते कळेना. म्हणून तुम्हा लोकांना विचारत होतो.”

त्यांनी गाडी सुरू केली. माझ्याकडे न बघताच म्हणाले, “तुमची चूक नाही. मलाही भेगच दिसली होती.”